त्रेसष्ट नंबरची विहीर

वडूजच्या एसटी स्टँडसमोर एक खानावळ होती. तिच्या माडीवरच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि बिरदेव मदने. काम विहिरींचं होतं. कंपनीने खटाव तालुक्याच्या नकाशावर त्रेसष्ट चौकोन आखून दिले होते. प्रत्येक चौकोनातली एक विहीर निवडायची, तिच्यात टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, मालकाचं नाव, विहिरीवर जगणारी माणसं, जनावरं हे सगळं फॉर्मात भरायचं आणि कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा. मे महिन्यात एक फेरी आणि पावसाळा संपला की दुसरी. मी डिप्लोमावाला, म्हणून फॉर्मवर सही माझी. बिरदेव माझ्याच वयाचा, तिशीला टेकलेला, दहिवडीकडचा धनगर, रोजंदारीवर होता. टेप मात्र त्याच्याइतका सरळ कुणाला सोडता येत नसे.

साल अठ्ठ्याण्णव. कंपनीने आम्हाला एक यंत्र दिलं होतं, तळहाताएवढं, करड्या रंगाचं. त्याला आकाश मोकळं दाखवलं की पाच-दहा मिनिटांत ते उपग्रह शोधायचं आणि आपण कुठे उभे आहोत त्याचे अक्षांश-रेखांश सांगायचं. विहिरीचा नंबर घातला की पडद्यावर एक काळा बाण यायचा आणि खाली मीटर. रस्ता त्याला कळत नसे. ओढा, शेताचा मातीचा ताल, काटेरी कुंपण काहीही आडवं असो, बाण आपला नाकासमोर. शिवाय शंभर मीटर इकडेतिकडे चुकायचं आणि गाडी थांबली की बाण भोवऱ्यासारखा फिरत बसायचा, कारण चालल्याशिवाय त्याला दिशा समजत नसे. बिरदेव त्याला डबडं म्हणायचा. आम्ही ते ट्यूबच्या रबराने मोटरसायकलच्या हँडलला बांधायचो. मी रस्ता बघायचो आणि मागे बसलेला बिरदेव माझ्या खांद्यावरून वाकून मीटर ओरडून सांगायचा.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की मी हिशेबी डोक्याचा माणूस आहे. आमच्या कुंडलच्या घरात भुताखेताला, अंगाऱ्याधुपाऱ्याला कधी जागा नव्हती. आमचे आबा प्राथमिक शिक्षक. जे मोजता येतं तेवढं बोलावं, असं ते म्हणायचे. मी मोजण्याचीच नोकरी धरली.

कंपनीचा एक नियम होता. चौकोन रिकामा ठेवायचा नाही. आता त्रेसष्टावा चौकोन म्हणजे निव्वळ माळ. मे महिन्यात आम्ही तिथे दोन दिवस हिंडलो. विहीर सोडाच, एक छप्पर नाही, टेकायला एक बाभूळ नाही. फॉर्म पाठवायची तारीख उलटत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत वीज नव्हती, घामाने कागद हाताला चिकटत होते. मी नकाशा पसरला.

“बिरदेव, ठेव कुठंतरी बोट.”

तो पिठलं-भाकरी खात होता. नकाशाला पिठलं लागू नये म्हणून त्याने डाव्या हाताची करंगळी टेकवली. मी पट्टीने अक्षांश-रेखांश काढून यंत्रात हाताने घातले.

“मालक?”

“लिव ज्योतिबा लेंगरे. म्हातारी सुलाबाई.”

“माणसं किती?”

“पाच लिव.”

“आन् पाणी?”

“सा मीटर. ऱ्हाऊदे, सा-वीस लिव, म्हंजी खरं वाटंल.”

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. खाली मी सही ठोकली. अशी टेबलावरची विहीर काढणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

ऑक्टोबरात दुसरी फेरी चालू असताना परतीच्या पावसाने गाठलं. खटावसारख्या कोरड्या मुलखात पाऊस येतो तो एक तर येतच नाही, नाहीतर असा येतो. चार दिवस झड लागली होती. बुधवारी सकाळी खालच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. पुण्याहून साहेबांचा फोन होता. उद्या, गुरुवारी ते तपासणीला येणार होते. कुठल्याही तीन विहिरी बघणार.

“सात, बेचाळीस आणि त्रेसष्ट,” साहेब म्हणाले.

मी रिसीव्हर ठेवला. माझी कायम नेमणुकीची ऑर्डर याच तपासणीवर अडलेली होती. ऑर्डर आली की दीपमालाच्या घरचे आमच्या लग्नाची तारीख धरणार होते. दोन वर्षं ती थांबली होती. खोटी विहीर उघडी पडली असती तर नोकरी गेली असती, आणि दीपमालाच्या वडिलांनी तोंडावर काही न बोलता दुसरीकडे बघायला सुरुवात केली असती. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि मी घाबरलो होतो.

“येवढंच न्हवं?” बिरदेव म्हणाला. “आत्ताच्या आत्ता जाऊ. आजूबाजूला कुनाची तरी हीर घावंल. मालकाला चार गोष्टी सांगू, कठड्यावर नंबर टाकू, डबड्यात जागा बदलू. हाय काय आन् न्हाई काय!”

त्याचं काही अडलेलं नव्हतं. रोजंदारी काय, कुठेही मिळाली असती. तो माझ्यासाठी निघाला.

अकरा वाजता आम्ही निघालो. यंत्र दुधाच्या दोन पिशव्यांत घालून हँडलला बांधलं. बिरदेवच्या पिशवीत टेप, ब्रश आणि ऑइलपेंटचा नवा, न उघडलेला डबा. त्याच्या डोक्यावरून घोंगडीची खोळ, माझ्या अंगावर रेनकोट. स्टँडवरून वळेपर्यंत दोघांच्याही चड्ड्या भिजल्या.

दहिवडीचा रस्ता सोडून उजवीकडे माळाला लागलो तेव्हा पुढचं पन्नास पावलांपलीकडे दिसत नव्हतं. काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक जाम व्हायचं. दर फर्लांगाला उतरून काडीने चिखल काढायचा. पावसाचे थेंब पिशवीवर पडून आकडे पुसट व्हायचे. मी अंगठ्याने प्लास्टिक पुसायचो, पुन्हा पाणी. बोटं गार पडून बधिर झाली होती. क्लच दाबला की नाही तेही बघूनच कळत होतं.

“एकतीसशे!” मागून बिरदेव. मग, “अठ्ठावीसशे!”

एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती. त्या दिवशी यंत्राने उपग्रह धरायला मिनिटभरही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. एरवी बाण एकीकडे दाखवायचा आणि वाट दुसरीकडे जायची. वळसे घेत, अंतर कमी होतंय का बघत जावं लागायचं. आज बाण जिकडे, तिकडे वाट होती. मे महिन्यात मी हा माळ दोन दिवस पायाखाली घातला होता. तिथे वाट नव्हती. आता दोन चाकोऱ्या होत्या, मधे गवत वाढलेल्या, जुन्या. मी मनाशी म्हटलं, उन्हाळ्यात कुसळांखाली झाकल्या असतील.

“नऊशे!”

चाक पुन्हा जाम झालं. आम्ही उतरलो. बिरदेव काडी घेऊन चिखल काढायला बसला. मी पिशवी पुसून पडद्याकडे बघितलं. गाडी उभी होती आणि बाण फिरत नव्हता. सरळ पुढे रोखलेला, स्थिर. खाली आकडा होता आठशे चाळीस. मी बघता बघता आठशे वीस झाला. मग आठशे.

“बिरदेव.”

तो उठून माझ्याशेजारी आला. आम्ही दोघं उभे होतो, गाडी स्टँडवर होती, आणि आकडा उतरत होता. सातशे साठ. सातशे चाळीस.

“ती हीरच हिकडं येतीया काय रं?” तो म्हणाला. हसायला म्हणून म्हणाला, पण हसला नाही.

“चूक दाखवतंय. ढगांमुळं.”

ढगांमुळे असं होत नाही हे मला माहीत होतं.

“परत फिरायचं का गड्या?” बिरदेवने विचारलं. “ह्यो माळ माज्या बा-आज्याचा मेंढरं चारायचा. आमी हितं कवा थांबत नव्हतो.”

“का?”

“ठावं न्हाई. थांबत नव्हतो येवढंच.”

मी उद्याचा विचार करत होतो. साहेबांची जीप, साहेबांच्या हातातला फॉर्म, त्यावरची माझी सही. मी गाडीला किक मारली. बिरदेव मागे बसला. चाकाला नंतर चिखल लागला नाही.

आकडा शून्य झाला तिथे मी थांबलो. यंत्राचं शून्य कधी टिकत नाही, वीस-पन्नास मीटर नाचत राहतं. हे शून्य टिकलं.

समोर विहीर होती.

दगडी बांधणीची, मोठी, कठडा कमरेएवढा. पलीकडे एक कौलारू घर, दारापुढे मेंढरांचा वाडगा. मेंढरं पावसात उभी होती आणि एकही ओरडत नव्हतं. कठड्यावर तांबड्या रंगात नंबर होता. त्रेसष्ट. त्यातला तीन वरून सपाट होता. तसा तीन मी काढतो, लहानपणापासून. आबांच्या छड्यांनीही तो गोल झाला नाही. रंग जुना होता, तडकलेला, खालच्या कडेला शेवाळ चढलेलं. आमचा डबा बिरदेवच्या पिशवीत होता. मी पिशवीत हात घालून बघितला. झाकण पक्कं होतं.

“टेप सोड,” मी म्हटलं. दुसरं काय करावं ते सुचेना.

बिरदेवने टेप सोडला. टेप नेहमीसारखा सरळ गेला. सहा मीटर वीस. चार दिवसांच्या झडीत तालुक्यातली एकूणएक विहीर दोन-तीन मीटर चढली होती. मी वाकून बघितलं. खाली पाणी काळं आणि गुळगुळीत होतं. त्यावर पाऊस पडत होता आणि थेंबांची वर्तुळं उठत नव्हती.

“आलासा व्हय?”

दारात एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात चिमणी.

“लय उशीर केलासा. बसा.”

“आजी, नाव काय तुमचं?” मी विचारलं. आवाज माझा मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“तुमीच लिवलंया की सायब. सुलाबाई.”

ओसरीवर बाजल्यावर एक म्हातारा पडून होता. आतल्या दाराशी एक तरणी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिच्या पदराला धरून एक लहान मुलगी. चौघंही माझ्याकडे बघत नव्हते. बिरदेवकडे बघत होते.

“आमी चारच हाय,” सुलाबाई म्हणाली. “तुमी पाच लिवलंया.”

मी रेनकोटच्या आतून फॉर्म काढला. ‘कुटुंबातील माणसे’ पुढे पाच होतं. माझ्याच अक्षरात.

“चुकून झालं असेल. चार करतो.”

“करा की. तुमच्या हातात हाय.” ती शांतपणे म्हणाली. “पर उद्या मोटं सायब येनार न्हवं मोजाय?”

उद्याचं मी तिला सांगितलं नव्हतं.

मी पेनाचं टोपण काढलं. कंपनीत खाडाखोडीचा फॉर्म बाद धरतात. मे महिन्याचा, पुण्याहून परत आलेला फॉर्म, वर साहेबांचा शिक्का, आणि त्यात आकडा बदललेला. साहेब पहिल्याच नजरेत विचारणार, हे कधी केलं, का केलं. मग एकातून एक निघत जाणार. मी पेन कागदावर धरून उभा राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. बोटांना पेन लागत नव्हतं.

मी टोपण लावलं आणि फॉर्म परत आत ठेवला.

“भिजलंय पोरगं,” म्हातारी म्हणाली. “आत ये रं बाबा. अंग पूस.”

बिरदेवने माझ्याकडे बघितलं. “आलोच हां,” तो म्हणाला. चपला काढून, पाय धुऊन तो आत गेला.

मी बाहेर उभा राहिलो.

पावसाचा आवाज तेवढा होता.

“बिरदेव! चल. ओढा भरंल.”

तो दारात आला. खांद्यावर कोरडं घोंगडं. हातात पाण्याचा तांब्या. लहान मुलगी त्याच्या पायाला बिलगली होती.

“पानी पिऊन जावा की सायब,” तो म्हणाला.

त्याने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. लेका म्हणायचा, गड्या म्हणायचा, शिव्या द्यायचा. त्याच्या तोंडाकडे मी नीट बघितलं. तोंड तेच होतं. त्याच्यात माझी ओळख नव्हती.

“बिरदेव,” मी हळू म्हटलं.

“कुनाला हाक मारतायसा?” त्याने विचारलं. खरोखरच विचारलं.

आणखी एकदा मोठ्याने हाक मारली असती, आत जाऊन त्याचा दंड धरला असता, तर तो आला असता असं मला आजही वाटतं. फॉर्म काढून पाचचे चार केले असते तरीही.

मी गाडीला किक मारली.

गुरुवारी उघडीप होती. साहेबांच्या जीपमध्ये यंत्र माझ्या मांडीवर होतं. ते नेहमीसारखं चुकत, फिरत होतं, पण मला वाट पाठ होती. विहीर तिथेच होती. साहेबांनी नंबर बघितला, पातळी घेतली. सहा-वीस. मग दारापुढे उभ्या माणसांवरून बोट फिरवलं. “पाच. बरोबर.” पाचवा धोतर नेसलेला होता, डोक्याला पटका. साहेबांनी त्याला विचारलं, नाव काय? तो म्हणाला, “रामू ज्योतिबा लेंगरे.” साहेबांनी सही केली. माणूस किती चोख काम करतो म्हणून परतीच्या वाटेत माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही.

बिरदेवचं नाव पंधरा दिवसांनी हजेरीपटावरून गेलं. त्याच्या आईला, रंगुबाईंना, मी स्वतः जाऊन सांगितलं. सगळं नाही. तुमचा मुलगा अमुक वस्तीवर राहिलाय, एवढंच. त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून मी तिथे नेलं. वाटेत त्या सारख्या विचारत होत्या, “खातोय का नीट? ताप-बिप न्हाई न्हवं?” तो विहिरीवर पाणी शेंदत होता. रंगुबाई उतरल्या, पदर सावरला, त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने परक्या बाईला द्यावं तसं अदबीने पाणी दिलं. त्या ते प्यायल्या. त्यांनी त्याचे कान बघितले, हात उलटेपालटे करून बघितले, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

मग माझ्याकडे वळल्या. “आवं, ह्यो माजा न्हवं,” म्हणाल्या. “कुनाचं बी लेकरू दावताय व्हय म्हातारीला?”

परत येताना त्या माझ्या पाठीवर डोकं टेकून रडत होत्या. मी त्यांना गप्प केलं नाही. आईलाच ओळख पटत नसेल तर आपलीच काहीतरी चूक होत असेल, असं मी त्या दिवशी ठरवलं. ते ठरवल्यावर सोपं गेलं. जानेवारीत ऑर्डर आली. एप्रिलमध्ये लग्न झालं. दीपमाला म्हणते, तुम्ही झोपेत आकडे बोलता.

नंतर मे महिन्यात गेलो आणि आता परवा, या ऑक्टोबरातही. नवा मदतनीस घेतलेला नाही. एकट्याने होतं म्हणून ऑफिसला कळवलंय. त्रेसष्ट नंबरवर टेप रामूच सोडतो. फार सरळ सोडतो. सहा-वीस. मी लिहून घेतो, तो “बरं हाय सायब” म्हणतो. आमचं याहून जास्त बोलणं होत नाही.

फक्त, मी गाडी सुरू केली की तो टेप खाली ठेवतो आणि दोन पावलं पुढे येतो. एक हात माझ्या खांद्यावर ठेवतो, मागच्या सीटवरून टाकायला उजवा पाय उचलतो. आणि तसाच थांबतो. पाय खाली घेतो, हाताकडे बघतो, घराकडे बघतो. तेवढा वेळ मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो.

मग गिअर टाकतो.